श्रावणी पौर्णिमेचे दान : जुन्या देवळाशेजारी नवे अंगण

श्रावणी पौर्णिमा हा आपल्याकडे अनेक अंगांचा सण आहे. कोकणात दर्याला नारळ अर्पण होतो, घरोघर बहिणी भावाच्या मनगटाला राखी बांधतात, आणि जेथे वेदपरंपरा आहे तेथे यज्ञोपवीत बदलून श्रावणी केली जाते. या शेवटल्या विधीचे शास्त्रातील नाव उपाकर्म. उपाकर्म म्हणजे अध्ययनाचा आरंभ. पेरण्या उरकल्या, पाऊस स्थिरावला, की गुरुशिष्यांनी श्रावणात पाठास बसावे आणि पौष-माघात उत्सर्जन करून ते सत्र संपवावे, असा प्राचीन क्रम होता. आज शाळा-महाविद्यालयांचे वर्ष जूनमध्ये उघडते. आपल्या पूर्वजांचे वर्ष या पौर्णिमेस उघडत असे. आज हा विधी जानवे बदलण्यापुरता उरला आहे, आणि त्यामागचे अध्ययन मागे पडले आहे.

म्हणूनच या पर्वकाळी खानदेशातील एका विद्यास्थानाचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते. त्या विद्यास्थानाला मिळालेले दान याच तिथीचे आहे, आणि त्याचा लेख दगडावर कोरलेला आहे.

शिलालेख काय सांगतो

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. खानदेशातील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी असलेली पाटणादेवी ती हीच. नवरात्रात आणि चैत्रात तेथे जाणाऱ्या भाविकांस देवीचे देऊळ ठाऊक असते. परंतु तेथील शिलालेख ठाऊक असणारे थोडे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

लेखातील काळ शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा आहे. विद्वानांच्या गणिताप्रमाणे तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ हा येतो. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर यादवांचा सिंघणराजा होता, आणि या प्रदेशावर त्याच्या वतीने निकुंभ वंशातील सोइदेव राज्य करीत होता. सिंघणाच्या दरबारातील मुख्य ज्योतिषी चांगदेव हा ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथ आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ यांचे अध्यापन चालावे, एवढ्यासाठी त्याने पाटण्यास मठ स्थापन केला. आणि सोइदेवाने त्या मठाला दान दिले. येथे एक खुलासा करणे बरे. तापी-पूर्णेच्या संगमावरचे, योगसामर्थ्यासाठी प्रसिद्ध असलेले चांगदेव वेगळे, आणि हे ज्योतिषी चांगदेव वेगळे. नावाच्या साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

लेखात भास्कराचार्यांच्या कुळाची परंपरा आली आहे. त्यांचे पिता महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची नावे त्यात आहेत. हा भाग संस्कृतात आहे. पुढे लेखाची भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचे काय मठाला द्यावयाचे, तेलाच्या घाण्यावरचे किती द्यावयाचे, हे त्या भागात नोंदविले आहे. पंडितांची वंशावळ संस्कृतात आणि तेलाचा हिशेब मराठीत! ज्याला दान द्यावयाचे होते त्या तेल्या-वाण्याला ते समजावे, हा त्यातील हेतू उघड आहे. मठ पंडितांचा असला तरी तो चालणार होता गावाच्या भाषेवर आणि गावाच्या तेलावर.

दानासाठी निवडलेला मुहूर्तही चिंतनीय आहे. धर्मशास्त्राप्रमाणे ग्रहण म्हणजे अनध्याय. त्या वेळी पाठ बंद. परंतु दानाला तोच काळ सर्वांत पुण्यप्रद. आणि ते ग्रहण केव्हा लागेल, किती लागेल, केव्हा सुटेल, हे आधी सांगणारे गणित ज्या ग्रंथात आहे, तोच ग्रंथ त्या मठात शिकविला जाणार होता. श्रद्धेने हातावर पाणी घेणारा राजा आणि पाटीवर ग्रहणाचे गणित मांडणारा ज्योतिषी, दोघे एकाच चंद्राकडे पाहत होते. श्रद्धा आणि शास्त्र यांचे भांडण लावून देणाऱ्यांनी ही पौर्णिमा आठवावी.

तो मठ आज उभा नाही. दानाचा लेख मात्र राहिला.

नवे बांधायचे झाले तर

भास्कराचार्यांच्या नावाचे विद्यास्थान या परिसरात पुन्हा उभे राहावे, ही इच्छा खानदेशात वरचेवर बोलून दाखविली जाते. २०१४ साली भास्कराचार्यांच्या जन्माला ९०० वर्षे झाली, त्या सुमारास ती अधिकच ऐकू आली. इच्छा पवित्र आहे. परंतु आज कोठेही जुन्या तीर्थाशेजारी नवी पाठशाळा बांधावयाची म्हटली, की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते विचार करावयास लावणारे आहे. सिमेंटचे खांब, त्यांवर दगडाचा रंग, वर साच्यातून काढलेली शिखरे, प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी रांग, आणि मध्ये जे थोडे अंगण उरले असेल त्यावर पत्रा. वास्तू मोठी होते, पण तिच्यात शिकणारे कोण आणि शिकविणारे कोण, याचे उत्तर तयार नसते. हे पाटण्यास घडू नये, आणि अन्यत्रही घडू नये, म्हणून पुढील विचार मांडीत आहोत.

पहिली गोष्ट अंतराची. पाटण्याची प्राचीन देवालये संरक्षित स्मारकांत मोडतात. स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून करता येत नाही. शिवाय भोवतालचे रान १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. कित्येकांना हे निर्बंध जाच वाटतात. आम्हांस त्यांत मर्यादा दिसते. वडील मंडळी बसली असता मुलाने चार पावले दूर बसावे, ही आपल्या घरची रीतच आहे. नव्या विद्यालयाने जुन्या देवळापासून दूर, गावाच्या बाजूला बसावे. उंचीने लहान राहावे. आणि आपल्या अंगणातून देवीच्या डोंगराचे दर्शन खुले ठेवावे.

बिहारमध्ये याचे ताजे उदाहरण आहे. नालंदेच्या प्राचीन महाविहाराचे अवशेष २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच नावाच्या नव्या विद्यापीठाच्या वास्तूंचे उद्घाटन १९ जून २०२४ रोजी झाले. पण त्या वास्तू अवशेषांना खेटून बांधलेल्या नाहीत. त्या काही कोस दूर राजगीरच्या डोंगरापाशी आहेत, आणि पाण्याची तळी राखून त्यांची मांडणी केली आहे. नाव पुढे नेण्यासाठी जुन्या विटेला धक्का लावावा लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. पाटण्याची देवळे ज्या शैलीची, तिला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्रिपंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. पाटण्याचे महेशाचे देऊळ तर त्यापूर्वीचे आहे. शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ च्या सुमाराच्या तेथील लेखात असे आहे की, निकुंभ राजा इंद्रराजाने हे देऊळ आरंभिले आणि त्याच्या निधनानंतर राणी श्रीदेवीने, पुत्र लहान असल्याने स्वतः कारभार पाहत, ते पुरे केले. या शैलीचे मर्म नक्षीत नाही. चुन्याचा लेप न देता दगड दगडात अडकवावयाचा आणि त्याच्याच भाराने तो स्थिर ठेवावयाचा, हे तिचे मर्म. आतून लोखंड आणि बाहेरून दगडाचे सोंग, हे तिचे अनुकरण नव्हे. आजची वास्तू आजच्या साहित्याची असावी आणि तिने ते लपवू नये. काशीच्या संस्कृत पाठशाळेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी आपल्या देशातील चर्चसारखी टोकदार कमानींची इमारत बांधली. पाणिनीची सूत्रे त्या कमानींखालीही तितकीच शुद्ध घोकली गेली. विद्येला वास्तूच्या वेषाची फारशी पर्वा नसते; तिला लागते ती बसावयास जागा, उजेड आणि शांतता.

अंगण हाच मूळ मठ

मग जुन्याचे घ्यावयाचे काय? आमचे उत्तर असे : अंगण घ्यावे.

पाटण्याच्या डोंगरातच पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि जवळपास नागार्जुनाची कोठडी, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी अशी लहान लेणी. पितळखोऱ्याचा विहार पाहिला तर त्याचा आराखडा लगेच ध्यानी येतो : मध्ये मोकळी जागा आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. धुळे जिल्ह्यातील बलसाणे येथे प्राचीन देवळांच्या समूहात एक मठही अभ्यासकांनी नोंदविला आहे. आणि खानदेशातील जुना वाडा घ्या; मध्ये चौक, भोवती ओसरी, वर धाबे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या वास्तुविद्येच्या अध्यायात चतुःशाल घरांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत सर्वतोभद्र हा एक, त्याला चारी बाजूंस अखंड अलिंद, म्हणजे ओसरी, आणि चारी दिशांस दारे. बौद्ध भिक्षू असोत, शैव मठाधिपती असोत वा खानदेशी शेतकरी, मधली मोकळी जागा प्रत्येकाने राखली आहे. भिंती तिच्याभोवती नंतर आल्या.

ही मोकळी जागा ज्योतिषाच्या मठात तर यंत्रच होते. वास्तूच्या आरंभी दिशा ठरवावी लागते. त्यासाठी सपाट केलेल्या भूमीवर वर्तुळ काढून मध्यावर बारा अंगुळांचा शंकू उभा करितात. सकाळी शंकूच्या छायेचे टोक वर्तुळात शिरते ती खूण करावयाची, दुपारनंतर ते बाहेर पडते ती खूण करावयाची. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. गवंडी जेथून घर बांधावयास लागतो, ज्योतिषाचा विद्यार्थी तेथूनच शास्त्र शिकावयास लागतो. विषुवदिनी मध्याह्नीची त्या शंकूची छाया म्हणजे पलभा. पाटण्याच्या अक्षांशावर ती सुमारे साडेचार अंगुळे भरते. आणि मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की मध्याह्नी शंकूला छायाच राहत नाही. नव्या विद्यालयाच्या अंगणात मधोमध एक दगडी शंकू, भोवती फरशीत कोरलेले वर्तुळ आणि जवळ तुळशीवृंदावन एवढे असले, तर भास्कराचार्यांचे याहून चांगले स्मारक कोणते? ज्या अंगणावर पत्रा घातला, तेथे हा पाठ कायमचा बंद होतो.

अर्थात खानदेशचा उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. जळगावास पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून अंगण उघडे ठेवावे आणि सावली ओसरीने द्यावी. ओसरी चांगली खोल, दक्षिण-पश्चिमेच्या भिंती जाड, आणि अंगणाच्या कडेला निंब, बेल, औदुंबर. आपल्या काळ्या मातीचा स्वभावही ओळखावा. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; पाया मुरुमापर्यंत न नेता बांधलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकते. जुन्यांनी उंच जोती घातली ती केवळ शोभेसाठी नव्हेत. अंगणाचा उतार एका हौदाकडे असावा, म्हणजे श्रावणाचे पाणी वैशाखात झाडांना मिळेल.

आम्हा कीर्तनकारांची आणखी एक विनवणी आहे, ती आवाजाविषयी. गुळगुळीत फरशी, उंच सिमेंटचे छत आणि चारी बाजूंस बंद भिंती अशा सभागृहात शब्द घुमतो. पहिले अक्षर विरण्यापूर्वी दुसरे त्यावर आदळते. संस्कृतातील जोडाक्षरे तर एकमेकांत मिसळूनच जातात, आणि मग ध्वनिक्षेपक वाढवीत न्यावा लागतो. लाकडी तुळ्यांच्या ओसरीत, एक बाजू अंगणाकडे उघडी असता, साध्या आवाजात केलेले निरूपण शेवटच्या रांगेतील आजीबाईंपर्यंत पोहोचते. पत्र्याखाली मात्र श्रावणाची एक सर आली की पूर्वरंग तेथेच थांबतो. ज्या वास्तूत मौखिक विद्या शिकवावयाची, तिची पहिली परीक्षा कानाने घ्यावी, डोळ्याने मागाहून.

दार कोणासाठी

अंगणाला दार हवेच, आणि ते कोणासाठी उघडावयाचे हा प्रश्न आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. ‘लीलावती’तील पुष्कळ उदाहरणे एका तरुणीला उद्देशून विचारलेली आहेत. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, ही कथा १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून प्रसिद्ध झाली. तिच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वान साशंक आहेत. परंतु प्रश्न स्त्रीला विचारले आहेत, हे तर ग्रंथातच आहे. आणि खानदेशचीच दुसरी साक्ष काढा. योगी चांगदेवांसारख्या वयोवृद्धाला बोध केला तो मुक्ताईने, वयाने लहान असलेल्या मुलीने; आणि तिची समाधी तापीच्या तीरावर याच जिल्ह्यात आहे. ज्या भूमीत गणित मुलीला विचारले गेले आणि ब्रह्मविद्या मुलीने सांगितली, तेथील विद्यालयाचे दार आपल्या लेकींना बंद ठेवण्यास आम्हांस तरी आधार सापडत नाही. अंगण असे असावे की सकाळी तेथे पाठ चालावा, दुपारी मुलामुलींनी शंकूची छाया मोजावी, आणि सायंकाळी गावातील माउल्यांनी कीर्तनास यावे. श्रावणात कानबाईचे रोट होतात तेव्हा अख्खे भावबंद एका घरी जमतात. तसे विद्येच्या निमित्ताने गाव येथे जमावे.

तेलाची धार

सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आधी करावयाची गोष्ट म्हणजे योगक्षेमाची तरतूद. पाटण्याच्या लेखात मठाच्या खांबांचे वर्णन नाही. काय शिकवावयाचे आणि दिव्याला तेल कोठून यावयाचे, याचे आहे. आपण आज नेमके उलटे करितो. शिलान्यासाला निधी जमतो, कळसाला जमतो. पुढे गुरुजींच्या वेतनाला आणि विद्यार्थ्यांच्या दोन वेळच्या जेवणाला जमत नाही.

खानदेशाने गेल्या शतकात याहून चांगले वळण दाखविले आहे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव हिंडून जमविली आणि १९३५ साली समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. आधी बाडे जमली, मग त्यांना घर मिळाले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यास वारले, आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी संशोधन मंडळ स्थापन झाले. आणि १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबाजी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले ते गीताप्रवचन ज्या वास्तूत झाले, तिचा आराखडा विद्यालयाचा मुळीच नव्हता. सांगणारा आणि लिहून घेणारा होता, तेवढ्याने तुरुंगाची पाठशाळा झाली.

तेल सतत कसे यावे, याचाही धडा धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरेच्या काठी फडपद्धतीची शेती शतकानुशतके चालत आली. बंधारा साऱ्यांचा, पाट साऱ्यांचा; पाणी कोणाच्या फडाला केव्हा मिळावयाचे हे ठरलेले; आणि पाटकरी तेवढ्यावर नजर ठेवी. एकट्या धनिकाच्या मर्जीवर ते पाणी अवलंबून नव्हते. विद्यालयाचेही तसेच व्हावे. एका देणगीदाराच्या लाखापेक्षा शंभर घरांचा दरमहा शेर, हा मठाला अधिक काळ जगवितो. सोइदेवाने राजा असूनही पेठेतील घाण्याघाण्याला त्या दानात सामील केले, ते उगाच नव्हे.

तेव्हा ज्या कोणाच्या हातून हे कार्य घडेल, त्यांनी हा क्रम ठेवावा असे आम्ही सुचवितो. प्रथम काय शिकवावयाचे ते ठरवावे. मग शिकविणाऱ्याच्या चरितार्थाची सोय करावी. मग अंगण आखावे आणि त्यात शंकू रोवावा. भिंती त्यानंतर, आणि शिखराची घाई करू नये, ते देवीच्या देवळाला आहेच. देणगीदारांची नावे कोरावयाचीच असतील, तर ती मराठीत कोरावी आणि त्यापुढे दिलेल्या रकमेऐवजी दरसाल काय देणार ते लिहावे.

श्रावणी पौर्णिमेला चंद्र पूर्ण असतो. या सणाला प्रत्येक श्रद्धाळू घराने एखाद्या जवळच्या पाठशाळेला, मग ती वेदाची असो, कीर्तनाची असो की साधी गावची शाळा असो, वर्षभराच्या तेलाचा संकल्प सोडावा. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी पाटण्याच्या तेल्याने जे दिले, ते आपल्यालाही देता येण्यासारखे आहे. देवी पाटणेश्वरी सर्वांना तशी बुद्धी देवो.